सदतिसावा आकडा

१

काकासाहेबांच्या पाळण्यांच्या कारखान्याला भोकरदनात सगळेच कारखाना म्हणत, म्हणून आपणही म्हणू. खरं पाहता ती बाजाराच्या मागची एक लांबलचक पत्र्याची खोली होती. तीत दोन सुतार, एक लोहार, पाळण्याच्या झोळ्या विणणाऱ्या चतुराबाई, आणि या सगळ्यांवर देखरेख करायला मार्तंड. मार्तंड औरंगाबादेत दोन वर्षं कारागिरी शिकून आला होता. जे मोजता येत नाही ते नाहीच, असं त्याचं सरळ मत होतं, आणि ते तो कुणी विचारलं नसलं तरी सांगत असे.

लढाईमुळं त्या साली लोखंड मिळेनासं झालं होतं. काकासाहेबांनी कुठून तरी कांबी पैदा केल्या, लोहारानं त्यांचे आकडे वळवले आणि पाळणे गावोगाव गेले. पाळण्याच्या चारही साखळ्या वर एका कड्यात येतात आणि ते कडं आकड्यात अडकतं. म्हणजे लेकराचा सगळा भार बोटभर जाडीच्या एका आकड्यावर. दिवाळी सरली आणि टेंभुर्णीच्या धर्मराजाची सहा महिन्यांची लेक पाळण्यासकट खाली आली. खाली गोधड्यांची चळत होती म्हणून खांद्याच्या हाडावर निभावलं. मार्तंडनं तो आकडा हातात घेऊन पाहिला. त्याचा बाक पार गेला होता. लोखंड कच्चं निघालं होतं.

चार दिवसांत तहसिलीचा हुकूम आला. त्या कांबीचे सगळे पाळणे परत आणा, तपासा, सगळे आल्याचं लेखी द्या. तोवर एकही नवा पाळणा विकायचा नाही. वहीत त्या कांबीचे छत्तीस नग होते. मार्तंड बैलगाडी घेऊन वीस दिवस हिंडला. कुणी त्याला चहा दिला, कुणी शिव्या दिल्या, आणि एका घरी तर बाळ उठेना म्हणून तो पाळण्याशेजारी दोन तास हातावर हात ठेवून बसला. पण छत्तीसच्या छत्तीस पाळणे आणले. या कामात त्याचा जीव अडकला होता, कारण आकडे वळले तेव्हा देखरेख त्याचीच होती.

आता तपासणी. पाळणा तुळईला टांगायचा, त्यात वजन ठेवायचं, शंभर झोके द्यायचे आणि आकड्याला कान लावून ऐकायचं. पहिल्याच दिवशी मार्तंडनं वजन आणायच्या आधी सहज एक झोका दिला, तशा चतुराबाई सूत टाकून उठल्या.

"रिकामा पाळणा हलवू नका, मार्तंडराव. लेकराला बाधतं."

"कोणत्या लेकराला? इथं कुठंय लेकरू?"

"ते मला काय माहीत," म्हणत त्यांनी घरून वरवंटा आणला आणि फडक्यात गुंडाळला. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटाच निजवतात, तेव्हा वजन म्हणून तोच बरा, असं त्यांचं म्हणणं. पाळण्याच्या अलीकडून त्या वरवंटा पुढं करायच्या, पलीकडून मार्तंडनं घ्यायचा. पण नुसता घेऊन भागायचं नाही. "घेतला?" असं त्या विचारायच्या, आणि तो "घेतला" म्हणेपर्यंत हात सोडायच्या नाहीत. बारशाच्या पाळण्याखालून बाळ देतानाची ही बायकांची रीत. मार्तंडला हसू यायचं, पण बाई हटेना म्हटल्यावर तोही म्हणू लागला.

२

छत्तीस पाळण्यांच्या तपासणीत मार्तंडला एक गोष्ट कळली, आणि तिचा त्याला फार अभिमान वाटला. चांगला आकडा मुका असतो. कच्चा आकडा झोक्याच्या एका टोकाला 'कुर्र' करतो आणि जरा वेळानं 'टिक' म्हणतो. जसजसा तो उघडत जातो, तसतसा टिक कुर्रच्या जवळ येतो. दोन्ही एकत्र आले की तासाभरात आकडा गेलाच म्हणून समजावं. असे अकरा आकडे त्याच्यादेखत उघडले. त्यानं छत्तीसही आकडे कापून भंगारात टाकले, पाळणे भिंतीशी रचून ठेवले, आणि तुळई रिकामी झाली. निजामी अमलात शुक्रवारी कचेरी बंद, म्हणून दाखल्यावर सही शनिवारी व्हायची होती. काकासाहेबांनी पेढ्यांचं सांगूनसुद्धा ठेवलं.

सोमवारी दुपारी कारागीर जेवायला गेले होते. मार्तंड एकटाच दाराजवळ बसून दाखल्याचा मसुदा लिहीत होता. बाहेर लख्ख ऊन होतं. खोलीच्या दूरच्या टोकाकडून आवाज आला.

कुर्र. मग एक, दोन मोजावं इतका वेळ. मग टिक.

त्यानं मान वर केली. तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी होती. पुन्हा कुर्र, पुन्हा टिक. आवाज भिंतीतून नव्हे, पत्र्यातून नव्हे. तुळईच्या अखेरच्या कडीखालून येत होता, माणसाच्या डोक्याहून हातभर वरून. पत्रा उन्हानं तापतो, त्यानं स्वतःला समजावलं. पत्रा वाजतो. पण पत्रा झोक्याच्या तालात वाजत नाही. तो उठून त्या टोकाला गेला तरी आवाज थांबला नाही. त्याच्या डोक्यावर, मोकळ्या हवेत, एक झोका जात होता आणि येत होता. कपाळावर मंद वारा लागला, पुन्हा लागला. मार्तंड घामाघूम झाला आणि दाराकडं परत आला. कारागीर परतले तेव्हा सगळं शांत होतं.

३

मंगळवारी सकाळी त्या कडीखाली जमिनीवर लालसर भुकटी पडलेली होती. कच्चा आकडा घासला की खाली अशीच भुकटी पडते. मार्तंडनं ती झाडून काढली आणि उंदरांना दोष दिला. दुपारी पुन्हा होती.

घाबरला की माणूस देवाचं नाव घेतो. मार्तंडनं पाटी घेतली. आवाज कधी सुरू होतो, कधी थांबतो, कुर्र आणि टिकमध्ये किती अंतर आहे, सगळं तो मांडू लागला. शेजारी काम करणाऱ्या कारागिरांना मात्र काहीच ऐकू येत नसे. मांडल्यानं भीती कमी होईल असा त्याचा अंदाज होता. तो साफ चुकला. सोमवारी दोन मोजण्याइतकं असलेलं अंतर बुधवारी एकावर आलं होतं.

बुधवारी संध्याकाळी त्यानं पाटी चतुराबाईंसमोर धरली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवली. "सकाळी नऊ ते दहा. दुपारी एक ते अडीच. रोज हेच. मधे एकदा दोन वाजता पाच मिनिटं थांबून पुन्हा सुरू. कशाच्या वेळा असतील ह्या?"

चतुराबाईंनी विचारसुद्धा केला नाही. "लेकराच्या झोपेच्या. तान्हं आसंल चारपाच महिन्यांचं. मधी उठलं आसंल, पाजलं, पुन्हा निजवलं." मग त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "का वो?"

मार्तंडनं त्यांना तुळईखाली नेलं. आवाजाची वेळ टळून गेली होती, पण भुकटी दिसली. त्यांनी उकिडव्या बसून ती चिमटीत घेऊन पाहिली.

"चतुराबाई, त्या कांबीच्या पाळण्यांना झोळ्या किती विणल्या तुम्ही?"

"छत्तीस."

"नक्की?"

"छत्तीस. आन् एक देवीचा."

मार्तंडनं पाटी खाली ठेवली. "देवीचा म्हणजे?"

"नव्या मालाचा पहिला नग पिंपळगावच्या रेणुकाईला जातो की. तो मोजायचा नसतो, मार्तंडराव. मोजला की तो दिला न्हाई, विकल्यासारखं व्हतं. म्हणून वहीत येत न्हाई."

वीस दिवस गाडी हिंडवून आकडा जुळवला, आणि आकडा सुरुवातीलाच एकानं चुकला होता. कुणी लबाडी केली नव्हती. सगळे श्रद्धेनं वागले होते आणि त्या श्रद्धेत एक पाळणा नजरेआड झाला होता. मार्तंडला संताप आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

४

गुरुवारी तो काकासाहेबांसमोर उभा राहिला. काकासाहेब माणूस दिलदार, पण वडिलांनी घालून दिलेल्या रिवाजाला कुणी हात लावला की त्यांच्या मिशा थरथरत.

"देवीच्या नगावर शक घेऊन राह्यले तुम्ही?"

"देवीवर नाही. लोखंडावर."

"तो पाळणा देवळात टांगून आहे. त्यात कोण झोपतंय? देवी?" काकासाहेब हसले, मग हसायचे थांबले, कारण मार्तंड हसला नव्हता. "हे पाहा, परवा सही आहे. तहसिलीतल्या पेशकारसाहेबांना छत्तीस सांगितले, छत्तीस दाखवले. आता सदतीस म्हणालो तर काय इज्जत राह्यली? घरात आणखी किती दडवले म्हणतील. आन् हे तुम्हाला कळलं कसं?"

खरं सांगायची मार्तंडला लाज वाटली. मोकळ्या तुळईवरून आवाज येतो हे तो कुणाच्या तोंडून ऐकता तर त्याला त्यानं वैद्याकडं धाडलं असतं. "झोळ्या सदतीस विणल्या गेल्या," तो एवढंच म्हणाला.

"मंग जाऊन पाहून या. देवळात असला तर राहू द्या तिथंच."

दुपारी एक वाजता तो मुद्दाम तुळईखाली जाऊन बसला. कुर्र आणि टिक यांच्यात आता एका श्वासाचंही अंतर नव्हतं. पण अंगावर काटा आला तो दुसऱ्याच गोष्टीनं. मधेच झोका मंदावला, थांबला, आणि वरून, अगदी जवळून, कुणीतरी हळूच सुस्कारा सोडला. दमलेलं माणूस हात बदलताना सोडतं, तसा. झोका पुन्हा सुरू झाला. मार्तंड बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला तरी त्याला थंडी वाजत होती.

५

शुक्रवारी उजाडताच तो सायकलीवर बसला. पिंपळगाव रेणुकाईला पोचेपर्यंत सूर्य बराच वर आला होता. देवळात पुष्पाबाई गुरवीण अंगण झाडत होत्या. सभामंडपात नवसाचे लहान लहान लाकडी पाळणे टांगलेले होते. मोठा कुठं दिसेना.

"तो व्हय," पुष्पाबाई म्हणाल्या, "तो दिला ना बद्रीनाथाच्या दुर्गाबाईला. अकरा वर्षांनी कूस उजवली तिची. देवीचा पाळणा, देवीचं लेकरू. चार महिन्यांचं झालं आता, गोड हाय लई." त्यांनी गल्ली दाखवली. शेवटचं घर.

मार्तंडनं सायकल तिथंच टाकली आणि धावत सुटला. कापूस वेचणीचे दिवस, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शेवटचं घर अजून वीस पावलांवर असताना त्याला तो आवाज ऐकू आला, या खेपेला खऱ्याखुऱ्या भिंतींतून. कुर्र-टिक नाही. दोन्ही एक झाले होते. कुर्टिक. कुर्टिक.

आणि दाराशी पोचता पोचता आवाज बंद पडला.

त्याच्या हिशेबानं याचा अर्थ एकच होता. तो पाळणा पडल्याचा दणका ऐकायला थांबला. दणका आला नाही. काहीच आलं नाही.

उंबऱ्यावर बद्रीनाथाची आई, द्वारकाबाई, पाय पसरून शेंगा सोलत बसली होती. कानानं जड, डोळ्यांत मोतीबिंदू. मार्तंड तिच्या अंगावर जवळजवळ पडलाच. "आजी, पोरगं कुठंय? घरात कोण आहे?" तो ओरडला.

"हळू, लेकरा. आत्ताच लागलाय डोळा," ती म्हणाली. "सून झोका देऊन राह्यली आत."

निदान आई जवळ आहे, म्हणून त्याला हायसं वाटलं. तो आत शिरला. खोलीत कौलांतून आलेला उन्हाचा एक पट्टा होता. पाळणा हळू, एका तालात झुलत होता. आत लेकरू मुठी मिटून गाढ झोपलं होतं. झोक्याची दोरी जमिनीवर लोळत होती, आणि खोलीत कुणीही नव्हतं.

मार्तंडनं वर पाहिलं. आकडा सरळ झाला होता. त्याचं टोक नीट जमिनीकडं बघत होतं. साखळ्यांचं कडं त्याच्या वीतभर खाली होतं, आणि मधल्या वीतभर जागेत काही नव्हतं.

आकडा सरळ झाला की कडं निसटतं. कडं निसटलं की पाळणा पडतो. ही दोन वाक्यं त्यानं मनात म्हणून पाहिली. दोन्ही बरोबर होती, आणि पाळणा झुलत होता.

पळून जावं असं त्याला वाटलं, हे त्यानं पुढं कधी लपवलं नाही. पण पाळण्यात लेकरू होतं. तो पुढं झाला. पाळणा त्याच्यासाठीच थांबवावा तसा थांबला. त्यानं दोन्ही हात लेकराखाली घातले आणि उचललं. लेकरू हाताशी आलं, पण भार आला नाही. पलीकडून कुणीतरी त्याला धरून होतं. त्यानं जरा ओढून पाहिलं. पलीकडची पकड घट्ट होती, राग नसलेली, पण न सुटणारी. लेकरानं झोपेत ओठ चोखले. डोक्यावर ती वीतभर मोकळी जागा आणि तिच्याखाली थरथरणाऱ्या साखळ्या. दमलेल्या हातांना थरथर सुटते तशी ती थरथर होती आणि ती वाढत होती.

मग त्याला समजलं, की त्याला काहीतरी विचारलेलं आहे आणि तो उत्तर द्यायचा राहिला आहे.

"घेतला," तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "घेतला मी. सोडा."

लेकराचा भार त्याच्या हातांत आला. साखळ्यांच्या पलीकडं काहीतरी मागं सरकलं. लुगड्याचा काठ असेल, उन्हाचा कवडसाही असेल. तो लेकराला छातीशी धरून दोन पावलं मागं हटला आणि पाळणा साखळ्यांसकट दाणकन जमिनीवर आदळला. लाकडाचे दोन तुकडे झाले. लेकरू दचकून जागं झालं आणि असं खणखणीत रडलं की द्वारकाबाईलासुद्धा ऐकू गेलं.

६

नंतरचं सगळं आनंदाचं आहे, आणि ते सांगायला मला मजा येते. शेतातून दुर्गाबाई ओटीतला कापूस उधळत धावत आली. तिनं आधी पाळणा पाहिला, मग लेकरू घेतलं, आणि मटकन खाली बसून हसत रडत राहिली. "घरात तर कुणीच नव्हतं," ती म्हणत होती, "आत्याबाईच्या भरवशावर आर्ध्या घंट्यासाठी गेल्ते वो मी." बद्रीनाथानं मार्तंडला उचलूनच घेतलं. आणि मार्तंड, जो कधी कुणासमोर रडला नव्हता, तो त्या धिप्पाड माणसाच्या खांद्यावर हमसून हमसून रडला. वीस दिवसांचं ओझं होतं ते.

शनिवारी बाराच्या सुमाराला गिरिधर पेशकारांनी दाखला पुढं ओढला, लेखणी दौतीत बुडवली, आणि बाहेर हलगी वाजली. पुढं मार्तंड, मागं बद्रीनाथाच्या गाडीत मोडका पाळणा, त्यावर सरळ झालेला आकडा, मांडीवर लेकरू घेऊन दुर्गाबाई, आणि गाडीमागं अर्धं पिंपळगाव. काकासाहेब कचेरीच्या पायरीवर आले. त्यांनी आकडा पाहिला, लेकरू पाहिलं, आणि त्यांच्या मिशा थरथरल्या, पण रागानं नव्हे.

"पेशकारसाहेब, थांबा," ते म्हणाले. "छत्तीस न्हाई. सदतीस. एक मी लिहिलाच नव्हता. चूक माझी आहे, बिलकुल माझी."

पेशकारांनी लेखणी खाली ठेवली. सगळी हकिकत ऐकून घेतली. "मार्तंडराव, आकडा पूर्ण उघडला होता म्हणता. मग तुम्ही जाईपर्यंत पाळणा कशावर होता?"

"मी पोराला उचललं, मग पाळणा पडला," मार्तंड म्हणाला. "तुमच्या कागदाला एवढं पुरे व्हावं."

पेशकारांनी तेवढंच लिहून घेतलं. काकासाहेबांनी तिथंच सगळ्यांदेखत जाहीर केलं, की यापुढं देवीचा नग आधी तपासायचा आणि आधी लिहायचा. देवीला कच्चा माल देण्यासारखा दुसरा अपमान नाही. पेशकारांनी ते वाक्य जसंच्या तसं हुकुमात घालून तालुक्यातल्या सगळ्या पाळणेवाल्यांना धाडलं. दाखल्यावर सही झाली. पेढे पिंपळगावकरांनी संपवले. त्या रात्री मार्तंड गाढ झोपला.

रविवारी बद्रीनाथाकडं जेवण होतं. पुरणाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. पंगत बसली, वाढणं सुरू झालं, आणि द्वारकाबाई एक रिकामी पत्रावळ हातात घेऊन चाचपडत मार्तंडपाशी आली.

"ती न्हाई आली?" तिनं विचारलं.

"कोण, आजी?" मार्तंडनं मोठ्यानं विचारलं.

"त्या दिवशीची. मला वाटलं सून हाय. पर सून तर मागून आली रडत. तुझ्या हाती लेकरू दिलं न् माझ्या अंगावरून गेली उंबऱ्यातून. लई दमल्याली दिसली. पाणीबी न्हाई घेतलं तिनं."

पंगतीतले चारदोन जण हसले. दुर्गाबाई सासूच्या कानाशी वाकून म्हणाली, "आत्याबाई, त्या दिवशी घरात कुणीबी नव्हतं."

मार्तंड हसला नाही. तो आपल्या पाटावरून बाजूला सरकला, शेजारी एका माणसाची जागा केली, आजीच्या हातातली पत्रावळ घेऊन तिथं मांडली आणि पत्रावळीशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला.

"आधी हिला वाढा," तो त्या रिकाम्या जागेकडं हात करून म्हणाला.